गोवर : रोगप्रतिकारशक्तीची आठवण पुसणारा विषाणू

गोवर म्हटले की ताप, खोकला, लाल झालेले डोळे आणि अंगभर पुरळ आठवते. साधारण आठवडाभरात पुरळ मावळते आणि मूल बरे झाले असे घरच्यांना वाटते. पण गोवराचा विषाणू रोगांशी लढणाऱ्या पेशींनाच गाठतो. त्यामुळे पुरळ गेल्यावरही मूल बराच काळ इतर आजारांना सहज बळी पडू शकते.

पेशींची आठवण म्हणजे काय?

एखादा जंतू पहिल्यांदा शरीरात शिरला की रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढतात. लढाई संपल्यावर त्यांतल्या काही पेशी वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या त्याला ओळखतात आणि आजार वाढण्याआधीच त्याचा बंदोबस्त होतो.

गोवराचा विषाणू काय करतो?

श्वासावाटे आलेला विषाणू आधी फुप्फुसांतील भक्षक पेशींमध्ये शिरतो आणि तिथून लसिका ग्रंथींत पोहोचतो. पेशीत शिरायला त्याला 'सीडी१५०' हे प्रथिन लागते. नेमके हेच प्रथिन बी आणि टी प्रकारच्या स्मृतिपेशींवर असते. त्यामुळे या पेशी मोठ्या संख्येने मरतात. काही आठवड्यांत पांढऱ्या पेशींची संख्या पूर्ववत होते, पण नव्या पेशींना प्रामुख्याने गोवरच ओळखता येतो. म्हणून गोवर सहसा पुन्हा होत नाही, मात्र इतर जंतूंची जुनी ओळख पुसट होते.

पुरावा कोणता?

क्षयाविरुद्धची प्रतिकारशक्ती तपासणारी त्वचाचाचणी गोवराच्या काळात तात्पुरती नकारात्मक होते, हे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवराआधीचे आणि नंतरचे रक्त तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांनी इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यापैकी ११ ते ७३ टक्के भाग गमावला होता. इंग्लंड, अमेरिका व डेन्मार्कमधील जुन्या नोंदींवरून हा परिणाम दोन ते तीन वर्षे टिकत असावा, असे २०१५ च्या एका अभ्यासात दिसले.

लसीने असे होते का?

नाही. लसीतील विषाणू दुबळा केलेला असतो. तो गोवराची ओळख करून देतो, पण जुनी आठवण पुसत नाही. भारतात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मोफत मिळतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि त्यात मुले दगावली. तेव्हा लसीकरणातल्या त्रुटी पुन्हा समोर आल्या.

'गोवर एकदा येऊन गेला की सुटलो' हे गोवरापुरते खरे आहे. पण त्या सुटकेसाठी मूल इतर आजारांविरुद्ध मिळवलेले संरक्षण गमावून बसते. लस घेतली तर ते गमवावे लागत नाही.