कार्ल्याच्या डोंगरावर आईच्या बाजूने निकाल

लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या डोंगरात दोन श्रद्धास्थाने एकाच कातळाला पाठ लावून उभी आहेत. एक सातवाहन-क्षत्रपांच्या काळातला बौद्ध चैत्य आणि दुसरे त्याच्या अगदी दाराशी असलेले एकवीरा आईचे देऊळ. चैत्यातल्या खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मीत कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे कितीतरी यवन, म्हणजे ग्रीक मानले जाणारे लोक, आहेत. एक खांब सिहधय नावाच्या यवनाचा, दुसरा धम्म नावाच्या यवनाचा. देवळातली देवी म्हणजे परशुरामाची आई रेणुका, अशी भाविकांची श्रद्धा आहे. नवऱ्याच्या आज्ञेवरून पोटच्या मुलाने जिचा शिरच्छेद केला, तीच ही रेणुका. ग्रीक शोकांतिकेतला सर्वांत भयंकर प्रश्नही हाच आहे: बापाच्या किंवा देवाच्या शब्दाखातर मुलाने आईला मारले, तर त्या रक्ताचा हिशेब कोणी आणि कसा मिटवायचा? या प्रश्नाला अथेन्सच्या रंगभूमीने एक उत्तर दिले, महाभारताने दुसरे आणि कार्ला ज्या मावळ भागात आहे तिथल्या प्रथेने तिसरे. माझ्या मते या तिघांत मावळचे उत्तर आईला सर्वांत जास्त न्याय देणारे आहे.

अथेन्सपासून सुरुवात करू. एस्किलसची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी इ.स.पू. 458 मध्ये रंगमंचावर आली. ट्रॉयवर निघालेल्या आरमाराला वारा मिळावा म्हणून राजा अ‍ॅगमेम्नॉनने आपली मुलगी इफिजेनिया बळी दिली होती. युद्ध जिंकून तो कॅसँड्रा या बंदिवान राजकन्येला बरोबर घेऊन घरी आला. बायको क्लायटेम्नेस्ट्राने त्याचे स्वागत केले, त्याला न्हाणीत नेले, वस्त्रात गुरफटवले आणि घाव घातले. तिच्या मनात मुलीच्या बळीचा सूड होता आणि एजिस्थसशी तिचे प्रेमसंबंधही होते. मग अपोलोच्या आज्ञेने तिचा मुलगा ओरेस्टीस तिला मारतो आणि आईच्या रक्ताचा सूड घेणाऱ्या एरिनी देवता त्याच्या मागे लागतात. तिसऱ्या नाटकात हे प्रकरण अथेन्समधल्या अरिओपॅगस टेकडीवरच्या न्यायसभेपुढे येते. अपोलो युक्तिवाद करतो की खरा जन्मदाता बापच, आई केवळ त्याचे बीज सांभाळणारी. मते समसमान पडतात. आईच्या पोटी न जन्मलेली अथीना ओरेस्टीसच्या बाजूने कौल देते आणि तो सुटतो.

हे नाटक केव्हा झाले, हेही पाहिले पाहिजे. त्याआधी थोडीच वर्षे एफिआल्टीस या नेत्याने अरिओपॅगसचे बरेचसे अधिकार काढून घेतले होते आणि इ.स.पू. 461 मध्ये त्याचा खून झाला होता. गटागटांतले सूड शहराला गिळतील, ही भीती प्रेक्षकांच्या मनात ताजी होती. सूड घराच्या हातून काढून नगराच्या हाती देणे ही एस्किलसची फार मोठी देणगी आहे, यात शंका नाही. खवळलेल्या एरिनींनाही तो हाकलून देत नाही. अथीना त्यांची समजूत घालून त्यांना नगरात मानाचे स्थान देते. तरीही त्या निकालाची किंमत मेलेल्या आईने मोजली. तिची बाजू मांडणाऱ्यांना पूजा मिळाली, पण तिचे आईपण मात्र न्यायसभेत मोडीत निघाले.

महाभारताच्या वनपर्वातली रेणुका क्लायटेम्नेस्ट्रापेक्षा फार वेगळी आहे. तिने कोणाला मारले नाही, की कोणाला दगा दिला नाही. स्नानाला गेली असता चित्ररथ राजाला आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना तिने पाहिले आणि तिचे मन क्षणभर चळले, एवढेच. तिचा नवरा जमदग्नी ऋषी याने मुलांना तिला मारण्याची आज्ञा केली. थोरल्या चौघांनी ती पाळली नाही. बापाच्या शापाने ते जडमूढ झाले. परशुरामाने परशू उचलला. प्रसन्न झालेल्या बापाकडे त्याने मागितलेल्या वरांत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: आई जिवंत व्हावी आणि आपण मारले गेलो होतो याची तिला आठवण राहू नये. इथे खटला नाही, साक्ष नाही. विस्मृती हाच निकाल. पण रक्ताचा हिशेब विसरून मिटत नाही, हे पुढची कथाच सांगते. कार्तवीर्य राजाने आश्रमातल्या गायीचे वासरू नेले, परशुरामाने त्याला मारले, त्याच्या मुलांनी जमदग्नीला मारले आणि मग एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय झाली. समंतपंचक या ठिकाणी रक्ताची पाच तळी भरली. शेवटी पितर प्रकट झाले आणि त्यांनी हात धरला, तेव्हा कुठे तो संहार थांबला. घरात दाबून टाकलेला हिशेब बाहेर असा शतपटीने चुकवावा लागला.

लोकपरंपरेने हा विसर मान्य केला नाही. माहूरला रेणुकेचे फक्त मुख पुजले जाते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर रेणुकेचेच रूप मानल्या जाणाऱ्या यल्लम्मा देवीच्या कथेत रेणुकेबरोबर मातंगी नावाच्या स्त्रीचेही शिर उडते आणि जिवंत करताना शिरे आणि धडे यांची अदलाबदल होते. म्हणजे घावाची खूण देवीच्या अंगावर कायमची राहते. कार्ल्याची प्रथा याहून पुढे जाते. चैत्रात किनाऱ्यावरचे कोळी आणि आगरी पालख्या घेऊन घाट चढून येतात. शुद्ध षष्ठीला शेजारच्या देवघरात भैरवनाथाची पालखी निघते, सप्तमीला एकवीरेची. देवघर हे देवीचे माहेर मानले जाते आणि भैरवनाथ तिचा भाऊ. जमदग्नीच्या आश्रमात रेणुका एकटी होती. तिच्या बाजूने बोलायला माहेरचे कोणीही नव्हते. मावळाने तिला हाकेच्या अंतरावर माहेर दिले, पाठीराखा भाऊ दिला आणि हजारो लेकरे दिली. डोंगरावरचा मुख्य मान तिचा आहे, परशू उचलणाऱ्या मुलाचा नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चैत्यातल्या यवनांचा एस्किलसशी काही संबंध जोडणे ओढूनताणून आहे. ती माणसे बौद्ध झालेली, नावे इथली घेतलेली, बोरघाटाच्या व्यापारी वाटेवरची. आक्षेप रास्त आहे आणि उसनवारीचा दावा मी करत नाही. ओरेस्टीसची कथा या खांबांवर कुठेही नाही आणि रेणुकेच्या कथेला ग्रीक मूळ शोधण्याचे कारणही नाही. दोन समाजांपुढे एकच पेच उभा राहिला आणि त्यांनी तो आपापल्या परीने सोडवला, म्हणून तर तुलनेला अर्थ आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एकवीरा ही मुळात स्थानिक मातृदेवता असावी आणि रेणुकेची कथा तिला मागाहून जोडली गेली असावी. जुन्या व्यापारी वाटांवर मातृदेवतांची ठाणी आणि बौद्ध लेणी शेजारी शेजारी आढळतात, हे दामोदर धर्मानंद कोसंबींनी 1962 च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त दाखवलेच आहे. पण हे मान्य केले तर माझा मुद्दा बळकटच होतो. पुराणांत पराक्रमी देवींची वाण नव्हती. महिषासुराला मारणारी दुर्गा होती, शुंभ-निशुंभाला मारणारी चंडी होती. तरी इथल्या माणसांनी आपल्या देवीसाठी निवडली ती मारली गेलेली आई.

तिसरा आक्षेप टाळता येणार नाही. देवीला डोंगरावर बसवणाऱ्या समाजाने घरातल्या बाईला न्याय दिला का? नाही दिला. शिवाय परशुरामही कोकणात पूजनीय आहे. चिपळूणजवळ परशुराम गावी त्याचे मोठे देवस्थान आहे. पूजा कायद्याची जागा घेऊ शकत नाही, आणि सूडाला खटल्याचे रूप देणारा अथेन्सचा मार्ग आपल्यालाही अखेर स्वीकारावाच लागला. पण कायदा गुन्हेगाराचे काय करायचे ते ठरवतो. जिच्यावर वार झाला तिची जागा कुठे, हे ठरवायला दुसरे काही लागते. अरिओपॅगसने ओरेस्टीसला मोकळे केले, महाभारताने परशुरामाला चिरंजीव केले. मावळातल्या सामान्य माणसांनी मात्र मुलाच्या पापपुण्याचा वाद घातलाच नाही. मारल्या गेलेल्या आईला त्यांनी कुलदेवता मानले आणि आपल्या घरांची नाती तिच्याशी जोडली. सूडकथेतून समाजाने काय शिकावे असे कोणी विचारले, तर माझे उत्तर हेच आहे: आधी मेलेल्याची बाजू मांडा, मग मारणाऱ्याचा निकाल लावा.