पावसाळ्यांतील एक मोसम : कॉलेजच्या फुटबॉल संघांची हकीकत

ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं धर्मग्रामाच्या इतिहासाचीं पानें उलगडतांना देवळें, शाळा व धर्मगुरु यांचें स्मरण सर्वांस होतें, व तें होणें उचितच आहे. परंतु देवळाशेजारीं शाळा व शाळेशेजारीं मैदान अशी जी रचना आपल्याकडे ठिकठिकाणीं दिसते, तींतील मैदानाचा इतिहास लिहिण्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. कॉलेजच्या फुटबॉल संघाचा एक मोसम म्हणजे काय, व तो सरल्यावर मागें काय उरतें, याविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

फुटबॉलचा खेळ आपल्या देशांत इंग्रजी पलटणींबरोबर पसरला. सिमल्यास 1888 सालीं ड्युरांड चषक, मुंबईस 1891 सालीं रोव्हर्स चषक व कलकत्त्यास 1893 सालीं आय. एफ. ए. शील्ड यांच्या सामन्यांस आरंभ झाला. आरंभीं त्यांत गोऱ्या पलटणींचेंच राज्य होतें. परंतु पलटण आज येथें तर उद्यां तेथें. एका ठिकाणीं पाय रोवून मुलांस हा खेळ शिकविण्याचें काम शाळांनीं व कॉलेजांनीं केलें. गोव्यांत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनीं 1883 सालीं शिवोलीच्या तरुणांस हा खेळ दाखविला व पुढें हडफडें येथील सेंट जोसेफ शाळेंत त्याची जोपासना केली. तेथून तो गांवोगांव गेला, हें सर्वश्रुतच आहे.

आतां आपल्या बाजूस वळूं. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोंचली, व पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत ती कल्याणपर्यंत गेली. मुंबईचें विद्यापीठ 1857 चें, व येशूसंघीय धर्मगुरूंनीं स्थापिलेलें सेंट झेवियर कॉलेज 1869 चें. ठाणें शहरांत विद्या प्रसारक मंडळाचें, आज जोशी-बेडेकर या नांवानें ओळखलें जाणारें महाविद्यालय त्यानंतर शंभर वर्षांनीं, 1969 सालीं निघालें. कल्याणांत बिर्ला महाविद्यालय 1972 सालीं. तोंपर्यंत ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील बहुतेक पदवीच्छु तरुणांस मुंबईची गाडी धरावी लागे. ज्यास खेळाचा नाद असे, त्याच्या पिशवींत पुस्तकांबरोबर बूटही असत, व सामना आटोपून चिखलानें माखलेला तो गडी रात्रीच्या गाडीनें घरीं परते.

मुंबईकडे या खेळाचा हंगाम पावसाळ्याचा. जूनमध्यें कॉलेज उघडतें व जूनमध्येंच मृगाच्या सरी येतात. जुने गडी परीक्षा देऊन निघून गेलेले, नवे एकमेकांचीं नांवेंही पुरतीं न जाणणारे. अशा अकरा जणांचा थोड्या आठवड्यांत एक संघ बांधावयाचा असतो. पूर्वींचा कातडी चेंडू पाणी पिऊन जड होई व चिखलांत रुतून बसे. क्लबाचा गडी दहा-दहा वर्षें खेळतो. कॉलेजच्या गड्यास फार तर चार-पांच मोसम मिळतात.

अशा मोसमाचें एक उदाहरण इतिहासांत नमूद आहे. 1911 च्या जुलैंत कलकत्त्यास आय. एफ. ए. शील्डच्या पहिल्या फेरींत तेथील येशूसंघीयांच्या सेंट झेवियर कॉलेजची गांठ मोहन बागान संघाशीं पडली, व कॉलेजनें तीन गोलांनीं हार खाल्ली. लीगमध्यें हरलेल्यास पुढचा आठवडा असतो. बाद पद्धतींत तो नसतो. कॉलेजची शील्डची वाटचाल त्या एकाच सामन्यांत संपली. मोहन बागान मात्र पुढें जात राहिला, व 29 जुलै रोजीं ईस्ट यॉर्कशायर पलटणीस त्यानें 2-1 असें हरविलें. पलटणीनें पहिला गोल केला असतां शिवदास भादुरी यांनीं बरोबरी साधली व अभिलाष घोष यांनीं विजयाचा गोल केला. भारतीय संघास ती शील्ड मिळण्याची ही पहिलीच वेळ. विजयी संघांतील दहा गडी अनवाणी खेळले. बूट घातलेले एकटे सुधीर चॅटर्जी. ते ख्रिस्ती असून भवानीपूरच्या मिशन कॉलेजांत अध्यापक होते, व पुढें त्यांनीं धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली.

अनवाणी पाय कोरड्या जमिनीवर चपळ, परंतु ओल्या मैदानावर बुटांपुढें लंगडे. हा धडा पुरता गिरविण्यास फार काळ लागला. 1952 सालीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा पराभव झाल्यावरच आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनीं, 1 डिसेंबर 1956 रोजीं मेलबर्न येथें मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारतानें तो सामना 4-2 असा जिंकिला, व त्या ऑलिंपिकांत आपला संघ चौथा आला. आपल्या ठाणें जिल्ह्यांतही जगाचा फुटबॉल येऊन गेला आहे: नेरुळच्या मैदानावर 2017 सालीं सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपान्त्य सामना झाला, व 2022 सालीं त्याच वयाच्या मुलींचा अंतिम सामना झाला.

चषकावर विजेत्याचें नांव कोरलें जातें. पहिल्या फेरींत हरलेल्या अकरा जणांचें कोठेंच कोरलें जात नाहीं. तरी त्यांच्यावांचून सामना होत नाहीं, आणि तेच पुढें शिक्षक, कारकून, रेल्वेचे नोकर व कुटुंबवत्सल गृहस्थ होऊन शाळेच्या मैदानावर दुसऱ्या पिढीस चेंडू मारावयास शिकवितात. कॉलेजच्या एका मोसमाचें खरें फळ हेंच होय.

म्हणून धर्मग्रामांतील कुटुंबांस आमची एक विनंती आहे. आपल्या घरीं एखाद्या संघाचें जुनें छायाचित्र भिंतीवर अथवा पेटींत असेल, तर घरांतील वडील माणसें हयात आहेत तोंच त्याच्या पाठीमागें प्रत्येक गड्याचें नांव, कॉलेज व साल लिहून ठेवावें. रोप हातांत धरून एका रांगेंत उभे राहिलेले चेहरे नांवांवांचून दुसऱ्या पिढीस परके होतात. आणि पुढील ज्युबिलीस जो कोणी हा इतिहास लिहावयास बसेल, त्यास त्या दोन ओळींहून मोठें धन सांपडणार नाहीं.