दाढी (ठाणे)

दाढी (ठाणे) : ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील पुरुषांच्या राहणीतील एक ठळक खूण. अन्यत्र दाढीचे चलन नट आणि क्रिकेटपटू ठरवतात. ठाण्यात ते आधी टेंभी नाक्याने ठरवले. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे येथील आनंदाश्रमात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत. कपाळावर टिळा आणि चेहरा भरून टाकणारी दाढी ही त्यांची ओळख. याच नाक्यावर १९७८ साली त्यांनी नवरात्रोत्सव सुरू केला. २६ ऑगस्ट २००१ रोजी ते वारले. दाढी मात्र कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांवर राहिली.

दिघे यांच्याआधी पांढरपेशा मराठी पुरुषाला दाढीसाठी निमित्त लागे. सुतक, श्रावण, नाहीतर घरचे घट. निमित्त सरले की स्वारी न्हाव्याच्या खुर्चीत. महर्षी कर्वे किंवा विनोबा यांच्या दाढीला मान होता, पण तो वयाचा आणि विरक्तीचा. दिघे यांच्या दाढीत विरक्तीबरोबर दराराही होता, आणि तरुणांनी उचलला तो दराराच.

दाढीच्या फॅशनच्या लाटा जगभर येतात-जातात. त्या मोजण्याचा एक गमतीदार प्रयत्न १९७६ साली प्रसिद्ध झाला. ड्वाइट रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधील १८४२ ते १९७२ या काळातील पुरुषांची चित्रे तपासली. दाढी १८९०च्या दशकाच्या आरंभी शिखरावर पोहोचून उतरणीला लागली, मिशांची भरती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आली. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी कारणही सुचवले : आजूबाजूला दाढ्या कमी असतील तेव्हा दाढी अधिक आकर्षक वाटते, सगळ्यांनीच राखली की तिचे अप्रूप जाते.

भारतात दाढीची अलीकडची लाट पाहता पाहता आली. २००९च्या सुमारास जिलेट कंपनी आळसाने वाढवलेल्या खुंटांविरुद्ध महिलांची मोहीम चालवत होती. पुढे विराट कोहलीची कोरलेली दाढी गल्लोगल्लीच्या सलूनमध्ये नमुना ठरली. दाढीचे तेल विकणाऱ्या अहमदाबादच्या ‘बियर्डो’त मॅरिकोने २०१७ साली हिस्सा घेतला. जिलेटची मालक असलेल्या पी अँड जीने २०१९ साली या व्यवसायाचे पुस्तकी मूल्य सुमारे ८ अब्ज डॉलरने खाली आणले. पुरुष कमी वेळा दाढी करतात, हे त्यामागचे एक कारण होते.

मग टाळेबंदी आली. २८ जून २०२० पासून महाराष्ट्रात सलून उघडली ती केस कापण्यासारख्या मोजक्या सेवांपुरती. दाढीला परवानगी नव्हती. निमित्त शोधण्याचे कष्ट त्या वर्षी सरकारनेच वाचवले.

ठाणेरी दाढीचा परमोत्कर्ष २०२२चा. १३ मे रोजी ‘धर्मवीर’ चित्रपट प्रदर्शित झाला आणि प्रसाद ओक यांच्या रूपाने दिघे पडद्यावर दिसले. महिनाभरानंतर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, त्यांचे शिष्य एकनाथ शिंदे यांनी पक्षनेतृत्वाविरुद्ध बंड केले आणि ३० जूनला ते मुख्यमंत्री झाले. शिंदे यांचा टिळा आणि दाढी, दोन्ही गुरूची आठवण देणारी. विरोधकांनी दाढीवरून टोमणे मारले. २०२४च्या दसरा मेळाव्यात आझाद मैदानावरून शिंदे यांनी यमक जुळवत परतफेड केली, की सत्तेवरची महाविकास आघाडी उलथली ती या दाढीमुळेच. हनुवटीवरच्या केसांना राज्याच्या राजकारणात इतका भाव क्वचितच मिळाला असेल.

ओहोटी शोधायची तर दाढ्या मोजण्यापेक्षा त्यांची लांबी पाहावी. दिघे यांची दाढी मोकळी वाढलेली. शिंदे यांची आखूड, कातरून बसवलेली. ट्रिमर घरोघरी आल्यापासून तरुणांचा कलही याच मापाकडे आहे. जागतिक फॅशन उतरली तरी टेंभी नाक्यावर दाढी इतक्यात नाहीशी होणार नाही, कारण इथे ती निष्ठेची खूण आहे. फक्त ती दिघे यांच्याइतकी लांब राखणारे विरळ झाले आहेत.