महारोगाचा इतिहास : देह कुणाचा, नाव कुणाचे?

वैद्यकशास्त्राचा इतिहास आपल्याला नेहमी शोध लावणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो. अमक्याने जंतू शोधला, तमक्याने औषध काढले आणि मानवजातीवर उपकार केले, अशी ती मांडणी असते. ज्यांच्या कातडीवर हे शोध लागले ती माणसे 'रुग्ण' या एका शब्दात संपतात. एकलव्याचा अंगठा तुटतो आणि गुरूच्या कथेत त्याची नोंद दक्षिणा म्हणून होते; ही रीत आपल्या ओळखीची आहे. म्हणून हा इतिहास अंगठ्याच्या बाजूने वाचून पाहिला पाहिजे.

त्वचेचे जुनाट रोग पुष्कळ आहेत. खरूज, गजकर्ण, इसब, कोड. कोड हा केवळ रंगद्रव्य नष्ट झाल्याने पडणारा डाग. तो कुणापासून कुणाला लागत नाही, तरी त्याला 'पांढरे कुष्ठ' म्हणून मुलींची लग्ने मोडली गेली. पण महारोगाइतका, रक्तपितीइतका बहिष्कार दुसऱ्या कोणत्याच रोगाच्या वाट्याला आला नाही. आज सभ्य भाषेत त्याला कुष्ठरोग म्हणतात. शब्द बदलला. माणसे किती बदलली, हा प्रश्न या लेखामागे आहे.

१

महारोगाला आपल्याकडे जंतूच्या कितीतरी आधी कारण सापडले होते. ते कारण म्हणजे पाप. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापांची आणि देहावरच्या खुणांची यादीच दिली आहे. सोने चोरणाऱ्याची नखे विद्रूप होतात, मद्य पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्राह्मणाची हत्या करणाऱ्याला क्षय जडतो आणि गुरुपत्नीशी गमन करणाऱ्याची कातडी नासते. तिसरा अध्याय सांगतो की ज्या कुळात कोड किंवा कुष्ठ आहे त्या कुळातली मुलगी करू नये.

या मांडणीची मेख नीट पाहिली पाहिजे. माणसाची जात त्याच्या मागल्या जन्मीच्या कर्माने ठरते आणि त्याचा रोगही त्याच कर्माने ठरतो. म्हणजे महार आणि महारोगी हे दोघेही एकाच न्यायालयात, एकाच कलमाखाली शिक्षा भोगणारे कैदी. शिक्षा झालेल्याबद्दल दया वाटू शकते, पण त्याची बाजू कुणी घेत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा अस्पृश्यांबरोबर रोग्यांविरुद्धचे आरोपपत्रही जळाले, असे मी मानतो.

त्याच परंपरेत दुसरा एक प्रवाह होता, हेही न लपवता सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. सह्याद्रीच्या दमट रानात त्याला कडूकवठ म्हणतात. वैद्य तेल काढत होता आणि स्मृतिकार पाप शोधत होता. समाजाने ऐकले ते स्मृतिकाराचे.

२

जंतूचा शोध नॉर्वेतल्या बर्गेन शहरात लागला. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गरीब शेतकरी आणि कोळी लोकांत हा रोग मोठ्या प्रमाणावर होता. १८५६ साली त्या देशाने महारोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. एखाद्या रोगाची देशभर अशी नोंद ठेवण्याचा तो पहिलाच प्रयत्न मानतात. तिथले मोठे तज्ज्ञ डॅनिएल्सन यांचे मत रोग आनुवंशिक आहे असे होते. त्यांचे तरुण सहकारी गेरहार्ड आर्मावर हान्सेन यांना ते पटेना. १८७३ साली रोग्याच्या गाठीतून काढलेल्या द्रवात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारखे जंतू दिसले. जुनाट रोगाचे कारण जंतू असू शकतो, हे सांगणारा तो अगदी आरंभीचा पुरावा होता. रक्त, कूळ, पाप या सगळ्या कल्पनांना तो धक्का होता, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण जंतू दिसला म्हणजे तोच रोग करतो हे सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत तो वाढेना (आजही तो कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही) आणि प्राण्यांना रोग होईना. तेव्हा नोव्हेंबर १८७९ मध्ये हान्सेन यांनी रुग्णालयातल्या कारी स्पिडसोएन नावाच्या एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला द्रव लागलेली सुरी टोचली. तिला एका प्रकारचा महारोग होता; दुसऱ्या प्रकारचा होतो का, ते त्यांना पाहायचे होते. तिला विचारले नव्हते. विचारले असते तर ती नाही म्हणाली असती, म्हणूनच विचारले नव्हते.

ती मात्र गप्प बसली नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली हान्सेन यांना रुग्णालयातील डॉक्टरचे पद सोडावे लागले. महारोगाचे मुख्य अधिकारी म्हणून मात्र ते १९१२ साली मरेपर्यंत राहिले. आज जगभर या रोगाला हान्सेनचा रोग म्हणतात. माझ्या दृष्टीने त्या खटल्याचे महत्त्व जंतूच्या शोधाइतकेच आहे. एका गरीब, रोगी, खेडवळ बाईने 'माझा देह माझा आहे' हे न्यायालयात वदवून घेतले. नाव मात्र रोगाला डॉक्टरांचे राहिले.

हवाई बेटांवर असा न्यायही झाला नाही. १८८४ साली एदुआर्ड आर्निंग या जर्मन डॉक्टरने कियानू नावाच्या स्थानिक कैद्याच्या हातात महारोग्याची गाठ बसवली. कियानूला खुनाबद्दल फाशी झाली होती. प्रयोगाला तयार झाल्यास फाशी टळणार होती. ज्याच्या एका बाजूला दोर आहे त्याच्या संमतीला संमती म्हणायचे काय? पुढे त्याला रोग झाला. त्याच्या नात्यातही महारोगी असल्याने प्रयोगातून काहीच सिद्ध झाले नाही. कियानूला मोलोकाई बेटावरच्या वसाहतीत धाडले आणि १८९२ साली तो मेला.

३

जंतू सापडल्यावर रोग्यांची सुटका व्हायला हवी होती. झाले उलट. 'पापी' म्हणून जो दूर होता तो आता 'संसर्गजन्य' म्हणून दूर झाला. भेदाला धर्माऐवजी विज्ञानाचा आधार मिळाला. वस्तुस्थिती अशी की शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांना या जंतूविरुद्ध जन्मतःच प्रतिकारशक्ती असते. जंतू इतका संथ की एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. रोग दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात.

१८९०-९१ साली हिंदुस्थानात फिरून पाहणी करणाऱ्या आयोगानेही संसर्गाचा धोका फार थोडा असल्याचेच म्हटले होते. परंतु १८९७ च्या बर्लिन परिषदेने रोग्यांना वेगळे ठेवण्याचा पुरस्कार केला, आणि १८९८ साली हिंदुस्थान सरकारने महारोग्यांचा कायदा केला. हा कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. त्याचा रोख सगळ्या महारोग्यांवर नव्हता. 'निर्धन महारोगी' अशी त्याची व्याख्या होती : जो भीक मागतो किंवा ज्याला उपजीविकेचे साधन दिसत नाही तो. त्याला पोलिसाने वॉरंटाशिवाय पकडावे आणि आश्रमात डांबावे. बंगल्यातल्या महारोग्याला पोलिसाचे भय नव्हते. नॉर्वेतही १८८५ च्या कायद्याने ज्याच्या घरी वेगळी खोली होती त्याला घरी राहता येत होते. जंतूला श्रीमंत-गरीब कळत नाही, कायद्याला कळते.

याच कायद्याच्या नवव्या कलमात, जिथे ते लागू केले जाई तिथे, महारोग्यांना काय करता येणार नाही ते सांगितले होते. त्यांनी खाण्यापिण्याचे पदार्थ करून विकू नयेत. भाड्याच्या गाडीत बसू नये. स्थानिक नियमाने मनाई असलेल्या सार्वजनिक विहिरीचे वा तळ्याचे पाणी घेऊ नये. ही यादी आपल्यापैकी कुणालाही वाचून दाखवा. कोणाविषयी लिहिली आहे हे न सांगता दाखवा. तो म्हणेल, ही तर आमचीच यादी. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी पिऊन जो निर्बंध मोडला गेला तो धर्माचा होता. तसाच निर्बंध महारोग्यांसाठी सरकारी छापखान्यात छापला गेला होता. तो कायदा केंद्रीय पातळीवर रद्द झाला २०१६ साली.

मुंबईत १८९० साली माटुंग्याला बेघर महारोग्यांचा आश्रम उभा राहिला तो म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲकवर्थ ते हेच. आश्रमाने अनेकांना छप्पर दिले हे खरे. पण छप्पर आणि कुंपण एकाच वेळी उभे राहिले, हेही खरे.

४

आता औषधाकडे. कडूकवठाचा भाऊबंद असलेल्या चौलमुग्रा झाडाचे तेल १८५४ साली कलकत्त्याच्या डॉ. माऊट यांनी पाश्चात्त्य वैद्यकात नेले. हे तेल प्यायले तर ओकारी, टोचले तर कातडीखाली गाठी आणि असह्य वेदना. ते देहात मुरेल असे करणे हा प्रश्न होता.

तो सोडवला ॲलिस ऑगस्टा बॉल या काळ्या मुलीने. १८९२ साली सिएटल येथे जन्मलेली ॲलिस १९१५ साली हवाईच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात एम.एस. झाली. तिथे ही पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री आणि पहिली काळी व्यक्ती. डॉ. हॉलमन यांच्या सांगण्यावरून तिने तेलातील मेदाम्लांची इथाइल एस्टर वेगळी केली. ती पातळ, टोचता येणारी आणि अंगात मुरणारी होती. वय तेवीस. ३१ डिसेंबर १९१६ रोजी, काम छापण्याआधीच, ती चोविसाव्या वर्षी वारली. तिचे वरिष्ठ आर्थर डीन यांनी काम पुढे नेले, निबंध छापले, आणि त्यांत ॲलिसचे नाव घातले नाही. पद्धतीला लोक 'डीनची पद्धत' म्हणू लागले. १९२२ साली हॉलमन यांनी 'बॉलची पद्धत' असे लिहून ठेवले. ते कुणी मनावर घेतले नाही. १९७० नंतर काही संशोधकांनी दप्तरे उघडली तेव्हा ती पुन्हा सापडली. २००० साली विद्यापीठाच्या आवारातल्या चौलमुग्राच्या झाडाखाली तिच्या नावाचा फलक लागला.

चौऱ्याऐंशी वर्षांनी फलक! ज्यांच्या पिढ्यांची ज्ञानाच्या दारात नोंदच झाली नाही, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

तेलाने गुण येई तो थोडा. खरा पालट १९४१ साली झाला. अमेरिकेतील कार्व्हिल येथे डॉ. फॅगेट यांनी सल्फोन गटातले प्रोमिन वापरले आणि जुनाट व्रण भरू लागले. मग त्याच कुळातले स्वस्त डॅप्सोन आले. ते १९०८ सालापासून रसायनशास्त्राच्या कपाटात पडून होते. मद्रासजवळ चिंगलपेट येथे डॉ. कॉक्रेन यांनी या गटातील औषधांवर आरंभीचे काम केले. १९६४ साली डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. सहा महिने किंवा वर्षभर या गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. क्लोफाझिमिन डब्लिनमध्ये क्षयासाठी तयार झाले होते. त्याने कातडी काळपट होते, म्हणून ते घ्यायला रोगी कचरतात. रोग बरा झाला तरी चालेल, पण रंग काळा नको. रंगाची ही दहशत कुठून येते तेही संशोधन करण्यासारखे आहे.

वेल्लोरला १९४८ पासून डॉ. पॉल ब्रँड यांनी आणखी एक समजूत मोडली. महारोग्याची बोटे 'झडतात' असे सगळे म्हणत. ब्रँड यांना दिसले की बोटे झडत नाहीत. जंतू मज्जातंतू मारतो, संवेदना जाते. मग तापल्या भांड्याने हात भाजला तरी कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही, रात्री उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. ब्रँड यांनी रोग्यांना मांजरे पाळायला सांगितली! वर्ध्याकडे डॉ. वारदेकरांनी रोग्याने दवाखान्यात येण्याची वाट न पाहता घरोघर जाऊन पाहणी, शिक्षण आणि उपचार ही पद्धत बसवली. आश्रमाच्या कुंपणाला हे उत्तर होते.

५

या रोगाची परीक्षा फार साधी आहे. रोग्याला डोळे मिटायला सांगतात, डागावर कापसाची वात फिरवतात आणि विचारतात, कळले का? स्पर्श हरपला आहे की नाही, एवढेच पाहायचे असते.

१९६० च्या आसपासची गोष्ट. आमच्या वस्तीच्याही पलीकडे, ओढ्याकाठी एक रक्तपितीचा म्हातारा राहायचा. आमच्या घरात तोवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर लागली होती. गावाच्या विहिरीवर आम्हाला वरून पाणी वाढले जायचे, त्याची चीड आमच्या मोठ्या माणसांच्या बोलण्यात रोज असे. आणि म्हातारा डबा घेऊन आला की माझी आजी तसेच, वरून, हात लांब धरून, त्याला पाणी ओतायची. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "मागल्या जन्माचं भोगतोय बाबा, आपुन काय करावं?" जे वाक्य तिला आयुष्यभर ऐकवले गेले तेच तिने पुढे दिले. मी तिला दोष देत नाही. मीही त्या म्हाताऱ्याला कधी शिवलो नाही.

डिसेंबर २००५ मध्ये भारतात दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि 'निर्मूलन' झाल्याचे जाहीर झाले. घरोघरची पाहणी मंदावली. २०२३ साली जगात सुमारे १,८२,००० नवे रुग्ण सापडले, त्यांतले निम्म्याहून अधिक, एक लाखाहून जास्त, भारतातले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांत होते ते २०१९ साली वगळले गेले. म्हणजे रोग बरा करणारी गोळी आल्यावर तब्बल अडतीस वर्षांनी.

जंतूवर औषध निघाले. पापाच्या कल्पनेवर मात्र कुठल्या प्रयोगशाळेत निघणार नाही. ते आपल्यालाच काढावे लागेल. आपली चळवळ पाण्याच्या प्रश्नापासून सुरू झाली. तेव्हा आपल्या हातून कुणाच्या डब्यात वरून पाणी ओतले जात नाही ना, हे आधी आपण पाहू. डोळे मिटून, डागावर वात फिरवून स्वतःला विचारू : कळते का?