वेक ते गुआम : एका अंतराचा हिशेब

पॅसिफिक महासागरात फिलिपाइन्सच्या पूर्वेस गुआम हे बेट आहे. त्याच्याही पूर्वेस, अथांग पाण्याच्या मधोमध, वेक हे तीन चिमुकल्या प्रवाळबेटांचे कडे आहे. दोहोंमधले हवाई अंतर सुमारे 2,400 किलोमीटर. आजच्या जेट विमानाला ते तोडावयास तीन तास पुरेत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आकडा दिसला की त्यामागचे मस्टर उघडून पाहावे, ही आमची जुनी खोड. तोच उद्योग आज या अंतराच्या बाबतीत करावयाचा आहे.

1935 साली पॅन अमेरिकन कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोहून मनिलापर्यंत हवाई मार्ग काढला. एवढा समुद्र एका दमात ओलांडण्याइतके तेल त्या वेळच्या विमानात मावत नसे. म्हणून होनोलुलू, मिडवे, वेक आणि गुआम असे मुक्काम ठरले. त्यांत वेकवर ना वस्ती, ना गोड्या पाण्याचा झरा. मे महिन्यात ‘नॉर्थ हेवन’ जहाजाने तेथे माणसे व सामान उतरविले. कड्याच्या आतील उथळ पाण्यातले प्रवाळाचे खडक मजुरांनी सुरुंगांनी फोडले, तेव्हा कोठे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला जागा झाली. 22 नोव्हेंबरला टपाल घेऊन निघालेले ‘चायना क्लिपर’ 29 तारखेस मनिलास पोहोचले. कप्तान एडविन म्युझिक यांचे नाव जगभर झाले. सुरुंग लावणाऱ्यांची नावे कोणी विचारली नाहीत.

हे विमान ताशी सुमारे 210 किलोमीटर जाई. म्हणजे वेक ते गुआम साधारण साडेअकरा तास. वेकच्या तळावर व हॉटेलात राबावयास कंपनीने गुआमचे मूळ रहिवासी, चामोरो लोक, आणले होते. त्यांचे घर असे साडेअकरा तासांवर होते.

8 डिसेंबर 1941 रोजी जपानने वेकवर बाँब टाकले. चामोरो कामगारांपैकी काही जागीच ठार झाले. ‘फिलिपाइन क्लिपर’ हे विमान तेथे उभे होते. गोळ्यांनी त्याची चाळण झाली, पण यंत्रे शाबूत राहिली. काही तासांतच प्रवाशांना आणि कंपनीच्या अमेरिकन नोकरांना घेऊन ते मिडवेकडे उडाले. चामोरोंना त्यात जागा मिळाली नाही. 10 तारखेस गुआम पडले, 23 तारखेस वेक. मागे राहिलेले कैदी झाले, आणि जे जगले त्यांना युद्ध संपेपर्यंत, म्हणजे 1945 पर्यंत, घर दिसले नाही. वेकच्या बचावात हातभार लावल्याबद्दल अमेरिकन सरकारने त्यांना माजी सैनिकांचा दर्जा दिला, तो 1982 साली.

तेव्हा वेक ते गुआम किती वेळ लागतो, असे कोणी विचारले तर आम्ही उलट विचारू : कोणाला? विमानात बसलेल्याला साडेअकरा तास लागत. ज्याने त्या प्रवाशाचे अंथरूण घातले, त्याला जवळजवळ चार वर्षे लागली.