खाप्यातला मारिओ सावकाश का पळत होता?

खापा हे गाव नागपूरच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या उंच काठावर वसलेले आहे. विणकरांचे गाव ही त्याची जुनी ओळख. पुढे परिसरात मँगनीजच्या खाणी निघाल्या आणि गावाला दुसरी ओळख मिळाली. १९९० नंतरच्या दशकात अशा गावांतील घरांत नागपूरच्या बाजारातून एक नवे खेळणे येऊ लागले. दूरदर्शन संचाला जोडायचा एक प्लॅस्टिकचा डबा, दोन रिमोट, एक पिस्तूल आणि पिवळ्या नाहीतर काळ्या रंगाच्या 'कॅसेटी'. मुले त्याला नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत. आपल्या वाचकांपैकी जे आज तिशी-चाळिशीत शिक्षक आहेत त्यांना मारिओ, कॉन्ट्रा आणि रणगाड्यांची लढाई ही नावे वेगळी सांगायला नकोत.

त्या मारिओच्या खेळात पडद्याच्या वर उजवीकडे 'टाइम' या शब्दाखाली एक आकडा असतो. पहिल्या पातळीत तो ४०० पासून सुरू होतो आणि उतरत जातो. जपानमध्ये किंवा अमेरिकेत कोणी हातात घड्याळ धरून बसले असते, तर हा आकडा शंभराने उतरायला ४० सेकंद लागले असते. खाप्यात मात्र, आपल्याकडच्या दूरदर्शनसाठी बनलेल्या संचावर, त्याला ४८ सेकंद लागत. म्हणजे खाप्यातला मारिओ जपानी मारिओच्या मानाने एक षष्ठांशाने सावकाश पळे, सावकाश उडी मारी, आणि त्याच्यामागचे संगीतही संथ वाजे. कॅसेटमधील कार्यक्रम तोच, मग हा फरक कोठून आला? याचे उत्तर शोधू लागलो की त्या डब्यातील बरेचसे विज्ञान आपोआप हाती लागते.

डब्याचा मूळ पुरुष म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिली कॉम्प्युटर'. तो १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला विक्रीस आला. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्याचा मेंदू मात्र अमेरिकन घराण्यातला होता. मोटोरोला सोडून बाहेर पडलेल्या चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ६५०२ नावाचा सूक्ष्म प्रक्रियक अवघ्या २५ डॉलरला बाजारात आणला. इंटेलच्या ८०८० ची सुरुवातीची किंमत ३६० डॉलर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळेल. घरगुती संगणक शक्य झाला तो मुख्यतः या स्वस्ताईमुळे. निन्टेन्डोसाठी रिको या कंपनीने ६५०२ चीच रचना घेतली, तिच्या जोडीला आवाज निर्माण करणारे मंडल एकाच चिपमध्ये बसवले आणि एक गोष्ट वगळली. ती म्हणजे दशमान अंकांत थेट बेरीज-वजाबाकी करण्याची सोय. तिचे पेटंट मूळ कंपनीकडे होते. वगळण्याचे कारण बहुधा तेच.

याच ६५०२ ची आपल्या शाळांशीही एक गाठ आहे. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि देशातील सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. त्या संगणकातही ६५०२ च होता. एवढ्या मोठ्या देशात २५० शाळा म्हणजे कितीशा? लहान गावांच्या बहुतेक शाळांपर्यंत तो प्रकल्प गेलाच नाही. पण पाच-दहा वर्षांनी त्याच घराण्यातली चिप खेळण्याच्या डब्यात बसून त्या गावांत पोचली. शाळेच्या दारातून न आलेला संगणक घराच्या दारातून आला, आणि तो संगणक आहे हे कोणी मुलांना सांगितले नाही. आम्हांला ही गोष्ट नुसती गमतीची वाटत नाही.

आता त्याच्या आत डोकावू. पडद्यावरचे चित्र २५६ आडव्या आणि २४० उभ्या ठिपक्यांचे, म्हणजे एकूण ६१,४४० ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्यासाठी चारांपैकी एक रंग निवडायचा तर दोन बिट लागतात. विद्यार्थ्यांकडून गुणाकार करून घ्यावा: असे एक चित्र साठवायला १५,३६० बाइट हवेत. त्या काळी स्मृती फार महाग होती. संचात मुख्य कामासाठी दोन किलोबाइट आणि चित्रासाठी दोन किलोबाइट, एवढीच स्मृती दिलेली होती. मग चित्र मावले कसे?

खाप्याच्या एखाद्या जुन्या विणकराला विचारले असते तर त्याने ते चटकन सांगितले असते. लुगड्याच्या काठावर जी नक्षी असते ती सबंध लांबीभर कोणी काढून ठेवत नाही. एक बुट्टी ठरवायची आणि ती कोठे कोठे यायची एवढेच ध्यानात ठेवायचे. येथेही तसेच आहे. पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत विभागलेला असतो: आडवे ३२, उभे ३०, एकूण ९६०. प्रत्येक चौकोनाच्या जागी 'अमुक क्रमांकाची बुट्टी' एवढा एकच बाइट लिहायचा. त्यात रंगांच्या नोंदीचे ६४ बाइट मिळवले की बेरीज बरोबर १,०२४, म्हणजे एक किलोबाइट होते. पंधरा किलोबाइटांचे काम एकात झाले. बुट्ट्यांचा संग्रह कॅसेटमध्ये कायमचा कोरलेला असतो. प्रत्येक बुट्टीला १६ बाइट लागतात. मारिओच्या खेळातील पांढरा ढग आणि जमिनीवरचे हिरवे झुडूप एकदा नीट निरखून पाहा. आकार एकच आहे, फक्त रंग बदलला आहे.

हलणाऱ्या आकृत्यांची व्यवस्था निराळी आहे. अशा ६४ लहान आकृत्या चित्र काढणारी चिप मागील चित्रावर हव्या तेथे ठेवू शकते. पण एका आडव्या ओळीत आठांहून अधिक नाही. शत्रूंची गर्दी झाली की आकृत्या लुकलुकू लागतात त्या यामुळे. नववी आकृती दिसेनाशीच होते, म्हणून प्रत्येक फेरीत वेगळी आकृती गाळून खेळ रचणारे सर्वांना आळीपाळीने न्याय देत.

सबंध खेळ बसायचा कॅसेटमध्ये. मूळ रचनेत कार्यक्रमासाठी ३२ आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट जागा आहे. १३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' बरोबर ४० किलोबाइटांचा आहे. मर्यादेचा कण न् कण वापरलेला. त्यापुढच्या मोठ्या खेळांच्या कॅसेटीत आणखी एक चिप असे. ती स्मृतीचे वेगवेगळे कप्पे आळीपाळीने प्रक्रियकासमोर उघडी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या दूरदर्शन संचात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ काढत खाली येतो, जणू बाण्याचा एकेक धागा भरत कापड विणावे. तळाशी पोचला की तो पुन्हा वर जातो. जपान-अमेरिकेत हे सेकंदाला ६० वेळा घडे आणि या यंत्राच्या हिशेबाने प्रत्येक वेळी २६२ ओळी होत. आपल्याकडे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने: सेकंदाला ५० वेळा, ३१२ ओळी. खेळाचा कार्यक्रम चित्राच्या एका फेरीला एक पाऊल पुढे जातो. मारिओच्या खेळातील वेळेचा आकडा दर २४ फेऱ्यांनी एकाने उतरतो. २४ भागिले ६० म्हणजे ०.४ सेकंद, २४ भागिले ५० म्हणजे ०.४८ सेकंद. शंभर आकड्यांना ४० आणि ४८ सेकंद लागतात ते असे.

पण गोष्ट येथे संपत नाही, उलट येथून ती अधिक रंगतदार होते. चित्र पूर्ण झाल्यावर पुढचे सुरू होईपर्यंत जो मोकळा वेळ मिळतो त्यातच चित्राच्या स्मृतीत बदल करता येतात. जपानी यंत्रात हा वेळ २० ओळींचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडाच अधिक आहे. कित्येक खेळ या वेळेवर आणि एका ओळीत प्रक्रियकाचे किती ठोके पडतात यावर काटेकोर बेतलेले होते. जपानी यंत्रातील स्फटिकाची कंपने चार ने भागून चित्राच्या चिपला आणि बारा ने भागून प्रक्रियकाला मिळत, म्हणजे प्रमाण तीनास एक. निन्टेन्डोने युरोपातील पाल देशांसाठी यंत्र काढले तेव्हा हे भाजक पाच आणि सोळा झाले. प्रमाण ३.२ झाले, मोकळा वेळ ७० ओळींचा झाला, आणि जपानी बनावटीचे काही खेळ त्या यंत्रावर बिघडू लागले. युरोपसाठी ते दुरुस्त करून विकावे लागत.

प्रतिकृती करणाऱ्यांना ही चैन परवडणारी नव्हती. भारतात 'सामुराय', 'लिटल मास्टर' अशा नावांनी, तर रशियात १९९२ पासून 'डेंडी' या नावाने जे संच विकले गेले, त्यांच्यावर जपानी खेळ जसेच्या तसे चालायला हवे होते. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांसाठी ज्या चिपा काढल्या त्यांत भाजक ठेवले पाच आणि पंधरा. प्रमाण पुन्हा तीनास एक! शिवाय चित्र संपल्यावर पन्नासेक ओळी यंत्र नुसते थांबून राही आणि 'आता मोकळा वेळ सुरू' हा संकेत उशिरा देई. त्यामुळे तो वेळ पुन्हा २० ओळींचाच उरे. प्रक्रियकाला वाटे आपण जपानातच आहोत, फक्त मध्येच जरा डुलकी लागते. मूळ कंपनीच्या पाल यंत्रापेक्षा ही नक्कल या एका बाबतीत सरस होती, असे आमचे मत आहे. नक्कल परवानगीवाचून केलेली होती, कॅसेटीही बहुतेक चोरीच्या होत्या, हे सांगायलाच हवे. पण त्या नकलेमागे कोणा अज्ञात अभियंत्याचा स्वच्छ विचार होता, हेही तितकेच खरे.

संगीतावर झालेला परिणाम वर्गात सांगण्याजोगा आहे. स्वराची उंची प्रक्रियकाच्या ठोक्यांवर ठरते, लय चित्राच्या फेऱ्यांवर. युरोपी यंत्रात प्रक्रियक सुमारे सात टक्क्यांनी मंद झाला, म्हणून दुरुस्ती न केलेल्या खेळाचे स्वर अर्ध्या स्वराहूनही थोडे अधिक खाली येत. नकली यंत्रात हा फरक एक टक्काही नव्हता. तेव्हा खाप्याच्या मुलाने ऐकलेली मारिओची धून लयीत संथ पण सुरात जवळजवळ अचूक होती. सुरावर लयीचे बंधन नाही, हे पटवून देणारे याहून सोपे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. (यूएमसीच्या काही चिपांत चौकोनी तरंगांचे दोन प्रकार मात्र उलटसुलट जोडले गेले होते. त्यामुळे काही स्वरांचा पोत मूळाहून वेगळा येई. मुलांनी तोच मूळ मानला.)

माळ्यावर पडलेला असा एक संच आम्ही उघडून पाहिला. डबा बराचसा रिकामाच होता. आत तळहाताएवढी पाटी, व्होल्टता स्थिर करणारा भाग, दूरदर्शनला तरंग पुरवणारी पत्र्याची डबी आणि मध्यभागी डांबरासारखा एक काळा थेंब. सगळ्या चिपा एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात आणून त्यावर राळ ओतलेली. नाव नाही, क्रमांक नाही. स्वस्त करण्याचा हा उत्तम उपाय होता, पण त्यामुळे यंत्र कोणी, कोठे, कधी बनवले हे कळण्याचा मार्गही बुजला. कॅसेटींचेही तेच. '९९९९९९९ इन १' असे लिहिलेल्या कॅसेटीत खेळ असत मोजके. तेच खेळ वेगवेगळ्या पातळीपासून सुरू करून यादी लांबवलेली. आणि खेळ शेवटच्या पातळीवर असताना वीज गेली की सारे शून्यावर. भारनियमनाच्या दिवसांत वीज जाताच पुसली जाणारी स्मृती म्हणजे काय, हे मुलांना पाठ्यपुस्तकाच्या आधी कळले होते.

पिस्तुलाची करामत आता दाखवता येणार नाही. पिस्तुलातून काहीच सुटत नाही; त्याच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. घोडा दाबताच पडदा एका फेरीपुरता काळा होतो आणि पुढच्या फेरीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला तरच नेम लागला असे ठरते. म्हणून दिव्यावर पिस्तूल रोखणाऱ्या चतुर मुलांची डाळ शिजत नसे. चपट्या पडद्याचे संच चित्र थोडे उशिरा दाखवतात आणि झोतासारखे ओळीओळीने लुकलुकत नाहीत, त्यामुळे तेथे हे पिस्तूल आंधळे ठरते.

या यंत्राचा शिकवण्यासाठी उपयोग करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००८ च्या सुमारास 'प्लेपॉवर' नावाच्या गटाने भारतीय बाजारात सुमारे १२ डॉलरला मिळणाऱ्या, कळफलक असलेल्या अशाच यंत्रांसाठी शैक्षणिक खेळ रचायला घेतले होते. तोवर स्वस्त भ्रमणध्वनी हातोहाती पोचू लागले होते.

शाळेच्या भांडारात किंवा विद्यार्थ्यांच्या घरी असा संच सापडला तर तो भंगारात देण्यापूर्वी उघडावा. त्याचा विद्युतपुरवठा दहा व्होल्टच्या आतबाहेर असतो, त्यामुळे अडॅप्टर काढून ठेवल्यास धोका नाही. मात्र जुना दूरदर्शन संच कदापि उघडू नये. त्याच्या चित्रनलिकेत बंद केल्यावरही प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो. पाटीवर चकचकीत धातूची एक छोटी डबी दिसेल. तो स्फटिक. त्यावरचा आकडा भिंगाने वाचावा. २६.६०१ असेल तर यंत्र पालचे आहे: पाल रंगवाहक लहरीची ४.४३३६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता गुणिले सहा. २१.४७७ असेल तर ३.५७९५ गुणिले सहा, म्हणजे जपानी-अमेरिकन पद्धतीचे. ते यंत्र एखाद्या घरी आले असेल तर पाल संचावर त्याचे चित्र रंगांवाचून दिसले असेल, पण तेथला मारिओ ४० सेकंदांचाच असणार.