जोगलटेंभीचा नाणेसंचय व त्याचा दुसरा शोध

सिन्नरचें नांव निघालें कीं इतिहासाभ्यासकांस प्रथम गोंदेश्वराचें पंचायतन आणि सेउणदेशाच्या यादवांची आद्य राजधानी आठवते. तें योग्यच आहे. परंतु यादवांच्या उदयापूर्वीं कित्येक शतकें या तालुक्याच्या भूमींत एक साक्षीदार निजला होता. तो म्हणजे जोगलटेंभी येथें इ. स. १९०६ मध्यें सांपडलेला चांदीच्या नाण्यांचा संचय होय. हा संचय आज एके ठिकाणीं नाहीं; निरनिराळ्या संग्रहालयांच्या पेट्यांतून तो विखुरला आहे. जमिनींतून नाणीं एकदांच वर आलीं. त्यांतील अर्थ मात्र त्या पेट्यांतून हळूहळू, आणि पुष्कळदां अनपेक्षितपणें वर आला. या दुसऱ्या शोधाविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

या संचयाची पहिली व्यवस्थित तपासणी रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं केली व ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तपासलेलीं नाणीं १३,२५० च्या वर होतीं. तीं सर्व क्षहरात राजा नहपान याचीं. पैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली मुद्रा पुनः उमटविलेली होती. म्हणजे दर दहांतील सात नाणीं पुनर्मुद्रित ठरतात. त्यापूर्वीं नहपानाचें नाणें ही अत्यंत दुर्मिळ वस्तु होती. हें ध्यानीं घेतलें म्हणजे या संख्येचें महत्त्व कळून येईल.

पहिला अनपेक्षित लाभ लिपीचा झाला. नहपानाच्या नाण्याच्या एका बाजूस राजाचें मुख व त्याभोंवतीं ग्रीक अक्षरें, आणि दुसऱ्या बाजूस बाण व वज्र असून भोंवतीं ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख असतात. ब्राह्मी लेख ‘राञो क्षहरातस नहपानस’ असा आहे. ग्रीक अक्षरांचा मात्र अर्थ लागत नसे. नाणें लहान, वजन दोन-सव्वादोन ग्रॅम, आणि ठसा त्याहून मोठा. त्यामुळें कोणत्याही एका नाण्यावर संपूर्ण लेख उतरत नाहीं. पण हजारों नाणीं पुढें मांडतांच एकावर तुटलेलें अक्षर दुसऱ्यावर मिळूं लागलें, आणि असें दिसून आलें कीं अक्षरें ग्रीक असलीं तरी भाषा ग्रीक नाहींच. तोच प्राकृत लेख ग्रीक वर्णांत उतरविलेला आहे. इ. स. १९०८ मध्यें निघालेल्या रॅप्सन यांच्या ब्रिटिश म्यूझियमच्या सूचींत या वाचनाचा उपयोग झालेला आहे. एकच वाक्य तीन लिपींत. आणि हें सांगणारें एकही नाणें एकटें समर्थ नव्हतें.

दुसरी गोष्ट पुनर्मुद्रेची. नहपानाच्या मुखावर गौतमीपुत्रानें त्रिकूट चैत्याचें व उलट बाजूस उज्जयिनी-चिन्ह म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह उमटविलें आणि ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा आपला लेख घातला. नवा ठसा जेथें पुरा बसला नाहीं तेथें जुनीं अक्षरें खालून डोकावतात. आमचें आयुष्य विभक्ति शिकविण्यांत गेल्यामुळें असेल, पण आम्हांस येथें एक गोष्ट विशेष वाटते. दोन्ही लेख षष्ठ्यन्त आहेत. संस्कृतांतील ‘-स्य’ प्राकृतांत ‘-स’ झाला आहे. अर्थ ‘अमक्याचें’ एवढाच. जित राजाचें ‘याचें’ खालीं आणि जेत्याचें ‘याचें’ वर, असा स्वामित्वाचा बदल एकाच चकतीवर राहिला आहे.

हाच बदल नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावरील लेण्यांतही वाचावयास मिळतो. लेणें क्रमांक १० मध्यें नहपानाचा जामात उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्यानें भिक्षुसंघासाठीं ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्टी श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविले. पैकीं २,००० वर दरमहा शेंकडा एक व १,००० वर पाऊण असा व्याजाचा दर होता. दोन हजारांचें वार्षिक व्याज २४० होतें, आणि वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे, तेव्हां हिशेब बरोबर जुळतो. त्याच लेखांत पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण हा भावही दिला आहे. लेखांतील कार्षापण म्हणजे नहपानाचीं हींच चांदीचीं नाणीं, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. तें ग्राह्य धरल्यास जोगलटेंभीचा ठेवा उषवदाताच्या या ठेवीच्या चौपटीहून अधिक भरतो. पुढें लेणें क्रमांक ३ मधील वर्ष १८ च्या लेखांत गौतमीपुत्र २०० निवर्तनांचें एक शेत भिक्षूंस देतो, व तें पूर्वीं उषवदाताच्या भोगवट्यांत होतें असें स्पष्ट नमूद करतो. तेथेंच पुळुमावीच्या १९ व्या वर्षीं गौतमी बलश्रीनें आपल्या पुत्राचें वर्णन क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा असें करविलें आहे. केवळ आईचें पुत्रकौतुक म्हणून हें विशेषण कोणी बाजूस सारलें असतें. पण शेताची नोंद आणि नऊ हजार नाणीं तिच्या बाजूनें उभीं आहेत.

तिसरा लाभ जें सांपडलें नाहीं त्याचा आहे. या संचयांत नहपानाचीं साधीं व पुनर्मुद्रित नाणीं यांखेरीज अन्य राजाचें एकही नाणें नव्हतें. यावरून नहपान व गौतमीपुत्र यांच्यामध्यें दुसरा कोणी राजा येथें झाला नसावा, असें अनुमान विद्वानांनीं केलें. नहपानाचीं ४१ ते ४६ हीं वर्षें शककालाचीं धरून त्यास इ. स. १२४ पर्यंत आणण्याचा प्रघात पुष्कळ काळ होता. अलीकडे तीं राज्यवर्षें मानून त्यास पहिल्या शतकाच्या मध्याकडे नेणारे पुष्कळ आहेत. काळ कोणताही ठरो, दोन राजांची सलगता या संचयावर उभी आहे. आणि हें प्रमाण अभावाचें असल्यामुळें तें संचय अखंड असेपर्यंतच बोलतें. शंभर नाणीं वेगळीं काढून पाहिलीं तर त्यांत ‘दुसऱ्याचें नाहीं’ या म्हणण्यास कांहींच अर्थ उरत नाहीं.

चौथी गोष्ट अद्याप वादाची आहे. नाण्यांवरील मुखें एकसारखीं नाहींत. कोठें तरुण, कोठें वृद्ध, कोठें नाक सरळ, कोठें बांकदार. हीं सर्व एकाच पुरुषाचीं नसावींत, अशी शंका स्कॉट यांसच आली होती. इतरांनीं हा भेद ठसे खोदणाऱ्या कारागिरांचा मानिला. याचा निकाल लावण्यास ठशांची जुळणी केली पाहिजे, आणि ती निरनिराळ्या ठिकाणच्या पेट्या एकत्र वाचल्यावांचून होणार नाहीं.

येथेंच खरी अडचण येते. एका संग्रहालयाच्या कोठींत आम्हांस नहपानाचीं पुनर्मुद्रित नाणीं पाहावयास मिळालीं. ठेवण स्वच्छ होती, परंतु चिठ्ठीवर ‘नहपान, चांदी’ एवढींच अक्षरें. तीं जोगलटेंभीचीं कीं अन्य ठिकाणचीं, हें तेथें कोणासही सांगतां येईना. नाणें शाबूत होतें, पण त्याचा गांव हरवला होता. तें पाहून वाटलें कीं, चोरापेक्षां कोरी चिठ्ठी अधिक नेते. पोथ्यांचेंही असेंच आहे. राजवाडे यांनीं ज्या प्राचीन प्रतीवरून इ. स. १९०९ मध्यें ज्ञानेश्वरी छापली, ती मूळ पोथी पुढें अभ्यासकांस उपलब्ध राहिली नाहीं, आणि तिच्या पाठांविषयींचे वाद मुळाशीं ताडून मिटविण्याचा मार्ग बंद झाला.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंति आहे. नाणें किंवा पोथी हातीं येतांच तें कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं व कशाबरोबर मिळालें हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. वजन करावें. संचय वांटला जाणारच असेल तर वांटण्यापूर्वीं सर्वांचीं छायाचित्रें घ्यावीं. चकाकी आणण्यासाठीं आम्लानें घासूं नये, कारण पुनर्मुद्रेखालचीं पुसट अक्षरें पहिल्यानें जातात. जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी टाकूं नये. आणि ज्यांच्यापाशीं नहपानाचीं नाणीं आहेत त्यांनीं आपल्या कागदांत ‘जोगलटेंभी’, ‘नाशिक’ किंवा ‘सिन्नर’ हे शब्द कोठें आढळतात काय तें एकदां पाहावें. आढळल्यास ती टिपणी छायाचित्रांसह त्रैमासिकाकडे पाठवावी. अशा शंभर-दोनशें टिपण्या जमल्या तरी मुखांच्या प्रश्नास हात घालतां येईल.